लेख 'विकत घ्या' म्हणतोय? थांबा, आधी ग्रंथालयाच्या दाराने जाऊन पाहा

संशोधनाला लागले तेव्हा पहिले कित्येक महिने माझा एकच क्रम होता. गूगलवर विषय टाकायचा, चांगलंसं शीर्षक दिसलं की उघडायचं, सारांश वाचायचा आणि खाली 'हा लेख विकत घ्या' असं बटण दिसलं की हिरमुसून पुढच्या लेखाकडे वळायचं. एकदा तर गरजच एवढी होती की एक लेख मी पदरचे पैसे घालून घेतला. दोन आठवड्यांनी ग्रंथालयात बोलता बोलता तो विषय निघाला आणि ग्रंथपाल बाईंनी तोच लेख माझ्यासमोर अर्ध्या मिनिटात उघडून दाखवला. विद्यापीठ त्या जर्नलची वर्गणी वर्षानुवर्षं भरत होतं. मीच चुकीच्या दाराशी उभी होते.

हे दार कुठे आहे ते कुणी सांगत नाही. गाईडला वाटतं, विद्यार्थ्याला माहीत असेल. विद्यार्थ्याला वाटतं, विचारलं तर अज्ञान दिसेल. म्हणून मी जे धडपडत शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. विषय कोणताही असो, वाट साधारण हीच.

हाताशी काय काय हवं

- विद्यापीठाचा ईमेल आणि त्याचा चालू पासवर्ड
- ग्रंथालयाचा सभासद क्रमांक (काही ठिकाणी वेगळा पिनही असतो)
- झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं एखादं सॉफ्टवेअर
- शोधाची नोंदवही: कागदी चालेल, एक्सेल चालेल, पण हवीच
- ऑर्किड क्रमांक. संशोधकाची ही १६ अंकी ओळख फुकट मिळते. लेख शोधायला तिची गरज नाही, पण पुढे स्वतःचा लेख पाठवताना लागते, तेव्हा आत्ताच काढून ठेवा.

१. आधी प्रवेशाची वाट पक्की करा

प्रकाशकाची वेबसाइट तुम्हाला नावाने ओळखत नाही. तुम्ही कुठल्या नेटवर्कवरून आलात ते ती पाहते. विद्यापीठाच्या वायफायवरून गेलात की तिथला आकडी पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस तिच्या यादीत असतो आणि लेख आपोआप उघडतो. घरून गेलात की तुम्ही परके. म्हणून बाहेरून जाताना 'मी अमुक विद्यापीठाचा आहे' हे सिद्ध करावं लागतं. त्याच्या तीन पद्धती आहेत आणि बहुतेक ग्रंथालयांत यांपैकी एक-दोन चालू असतात:

प्रॉक्सी: ग्रंथालयाच्या पानावरून डेटाबेसवर (लेखांच्या नोंदी शोधायच्या संग्रहावर) क्लिक केलं की मध्येच लॉगिनचं पान येतं. ते भरलं की पुढचा सगळा प्रवास ग्रंथालयामार्फत होतो.

व्हीपीएन: एक सॉफ्टवेअर बसवायचं, ते चालू केलं की तुमचा संगणक विद्यापीठाच्या आतच आहे असं समजलं जातं. हे विद्यापीठाने दिलेलंच असावं लागतं. बाजारातलं कुठलंही व्हीपीएन घेतलं तर उलट अडचण होते.

संस्थेमार्फत लॉगिन: प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' अशा अर्थाची लिंक असते. तिथे विद्यापीठाचं नाव निवडायचं की विद्यापीठाचंच लॉगिन उघडतं. शिबोलेथ किंवा ओपनअथेन्स ही नावं दिसली तर ती याच पद्धतीची समजा. नाव शोधताना विद्यापीठाचं पूर्ण अधिकृत नाव टाका, बोलीतलं आखूड नाव तिथे सापडेलच असं नाही.

इथे दोन फसगती नेहमी होतात. पहिली: वाचनकक्षात बसलाय, पण फोन मोबाईल डेटावर आहे. इमारत विद्यापीठाची असली तरी नेटवर्क बाहेरचं, त्यामुळे लेख बंदच दिसतो. दुसरी: प्रकाशकाच्या साइटवर स्वतःचं खातं उघडलं की प्रवेश मिळाला असं वाटतं. ते खातं फक्त आवडीचे लेख जपून ठेवायला असतं. त्याचा वर्गणीशी संबंध नाही.

एक नियम मी स्वतःला लावून घेतला: शोधाची सुरुवात नेहमी ग्रंथालयाच्या पानावरून. ब्राउझरमध्ये ते पान बुकमार्कच करून टाका.

२. कुठे शोधायचं ते ठरवा

ग्रंथालयाच्या पानावर मोठी शोधपेटी असते. ती पुस्तकं, लेख, प्रबंध सगळं एकत्र चाळते. विषयाची पहिली ओळख करून घ्यायला ती बरी. गंभीर शोधाला मात्र डेटाबेसच्या अकारविल्हे यादीत जायचं आणि तिथे 'विषयानुसार' अशी सोय असेल तर आपला विषय निवडायचा. प्रत्येक डेटाबेसचा स्वभाव वेगळा असतो आणि तो न समजल्यामुळे 'इथे काहीच नाही' असं चुकीचं मत होतं.

वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी पबमेड. १९९६ पासून चालू आहे आणि कुणालाही फुकट वापरता येतं, पण त्यात मुख्यतः नोंदी आणि सारांश असतात, पूर्ण लेख दुसरीकडे उघडतो. मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांसाठी १९९५ मध्ये सुरू झालेलं जेस्टोअर फार मोलाचं, जुन्या अंकांसाठी तर विशेषच. मात्र तिथल्या पुष्कळ जर्नलांचे अगदी अलीकडचे काही वर्षांचे अंक नसतात. दरवर्षी ही सीमा एकेक वर्ष पुढे सरकते. म्हणजे जेस्टोअरवर नवा लेख मिळाला नाही याचा अर्थ तो ग्रंथालयात नाही असा होत नाही; तेच जर्नल ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या दुसऱ्या संचात (जर्नलांच्या गठ्ठ्यात) असू शकतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ही लेखांची कोठारं नाहीत, कोणत्या लेखात कोणाचा दाखला (साइटेशन) दिला याचे ते नकाशे आहेत. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र यांत १९९१ पासून चालू असलेलं आर्काइव्ह (arXiv) हे लेखांचं खुलं भांडार पाहायलाच हवं. फक्त तिथले बरेचसे लेख तज्ज्ञ-परीक्षणापूर्वीचे असतात हे ध्यानात ठेवा.

गूगल स्कॉलर टाळा असं मी म्हणणार नाही, मी रोज वापरते. पण त्याच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स' नावाचा भाग आहे, तिथे आपलं विद्यापीठ शोधून खूण करा. पाच ग्रंथालयांपर्यंत निवडता येतात. आपलं ग्रंथालय या सोयीत सामील असेल, तर ज्या लेखाची वर्गणी आहे त्याच्या शेजारी थेट लिंक दिसू लागते. हे एक काम आधी केलं असतं तर माझे ते पैसे वाचले असते. स्कॉलर कोणत्याही शोधाचे पहिले १००० निकालच दाखवतो, त्यामुळे 'सगळं चाळलं' असा दावा त्याच्या एकट्याच्या जोरावर करता येत नाही.

३. प्रश्न तोडा, शब्द जमवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवीन माणूस शोधपेटीत अख्खं वाक्य लिहितो. डेटाबेसला वाक्य नको असतं, शब्द हवे असतात, आणि तेही लेखकांनी वापरलेले शब्द.

समजा प्रश्न असा आहे: किशोरवयीन मुलांच्या झोपेवर स्मार्टफोनचा काय परिणाम होतो? यात तीन कल्पना आहेत: किशोरवयीन, झोप, स्मार्टफोन. 'परिणाम' हा शब्द सोडून द्या, तो शोधाला काही मदत करत नाही. आता कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येक कल्पनेचे पर्यायी शब्द लिहा. शोध बहुधा इंग्रजीत करायचा असल्याने शब्दही इंग्रजी घ्यावे लागतात: पहिल्या रकान्यात अ‍ॅडोलेसेंट, टीनएजर, यूथ; दुसऱ्यात स्लीप, इन्सोम्निया; तिसऱ्यात स्मार्टफोन, मोबाईल फोन, सेल फोन, स्क्रीन टाइम.

मग जोडणी. एका रकान्यातले शब्द 'ऑर'ने जोडायचे आणि कंसात टाकायचे. रकाने एकमेकांना 'अँड'ने जोडायचे:

(अ‍ॅडोलेसेंट ऑर टीनएजर ऑर यूथ) अँड (स्लीप ऑर इन्सोम्निया) अँड (स्मार्टफोन ऑर "मोबाईल फोन" ऑर "स्क्रीन टाइम")

हे अर्थात रोमन लिपीत टाइप करायचं, आणि जोडशब्द कॅपिटल अक्षरांत. पबमेडसारख्या ठिकाणी ते कॅपिटल नसले तर जोडशब्द म्हणून धरले जात नाहीत. 'ऑर'ने निकाल वाढतात, 'अँड'ने घटतात. हे उलट वाटतं, कारण रोजच्या बोलण्यात 'आणि' म्हटलं की भर पडते. इथे 'आणि' म्हणजे दोन्ही अटी पाळणारेच लेख. 'नॉट' हा तिसरा जोडशब्दही आहे, पण तो जपून वापरा. 'नॉट चिल्ड्रन' असं टाकलंत तर मुलं आणि किशोर या दोघांचा अभ्यास करणारा उत्तम लेखही गळतो, आणि तो गळला हे तुम्हाला कधी कळतही नाही.

दोन-तीन शब्दांचा गट अखंड हवा असेल तर अवतरणचिन्हांत टाका. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणं काही डेटाबेसना ओळखता येत नाहीत. चिन्हं शोधपेटीतच पुन्हा टाइप करा. शब्दाच्या मुळाच्या शेवटी तारांकन (*) टाकलं की त्याची सगळी रूपं येतात, म्हणजे अ‍ॅडोलेसेंट आणि अ‍ॅडोलेसन्स दोन्ही एकदम. मूळ फार आखूड मात्र करू नका, नको ते शब्द घुसतात. गूगल स्कॉलरमध्ये तारांकनाचा असा उपयोग होत नाही.

आता खरी गुरुकिल्ली. चांगल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक लेखाला ठरावीक विषयशब्द जोडलेले असतात. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, नोंद करणारे तो ठरलेल्या शब्दाखाली आणतात. पबमेडमध्ये या शब्दसंग्रहाला मेश म्हणतात. आपण ज्याला इन्सोम्निया म्हणतो त्याचा मेशमधला शब्द आहे 'स्लीप इनिशिएशन अँड मेंटेनन्स डिसऑर्डर्स'. हा आपल्या डोक्यात कधी आला असता? म्हणून युक्ती अशी: आधी साधा शोध करा, त्यातून आपल्याला हवा तसा एक नेमका लेख निवडा, त्याच्या नोंदीत खाली दिलेले विषयशब्द वाचा आणि ते आपल्या रकान्यांत भरा. नवे शब्द पूर्णपणे जुन्यांच्या जागी घालू नका, जोडीला घ्या, कारण अगदी ताज्या लेखांना विषयशब्द लागायला वेळ जातो.

तुमचा विषय इंग्रजीबाहेरच्या साहित्याचा असेल तर आणखी एक गोष्ट. व्यक्तींची, गावांची, ग्रंथांची नावं रोमन लिपीत प्रत्येकाने वेगळी लिहिलेली असतात. सगळी स्पेलिंगं 'ऑर'ने जोडा, आणि ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) मूळ लिपीतही टाकून पाहा.

प्रत्येक शोध नोंदवहीत उतरवा: तारीख, डेटाबेस, शोधसूत्र जसंच्या तसं, लावलेल्या गाळण्या, किती निकाल. पद्धतशीर आढावा (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या रीतीने शोधून घेतलेला) लिहिणाऱ्यांकडून तर प्रिझ्मा या नियमावलीनुसार हे सगळं मागितलं जातं. इतरांनाही सहा महिन्यांनी 'तो लेख कुठे दिसला होता' हे आठवत नाही. मी पहिला अख्खा आढावा नोंदीशिवाय केला आणि तो पुन्हा करावा लागला.

४. एका लेखावरून दहा लेखांकडे

निकाल हजारांत आले तर शब्द शीर्षक आणि सारांशापुरते मर्यादित करा, वर्षांची चौकट घाला. पाच-सहाच आले तर एखादा रकाना काढून टाका.

दोन-तीन नेमके लेख हाती लागले की शोधपेटी सोडून त्यांच्या मागे-पुढे चाला. मागे म्हणजे त्यांची संदर्भसूची. पुढे म्हणजे त्यांचा दाखला नंतर कोणी दिला. माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो याच कल्पनेवर, आणि वेब ऑफ सायन्स हा त्याचाच वंशज. स्कॉलरमध्येही प्रत्येक लेखाखाली 'साइटेड बाय' असा आकडा असतो. त्यावर क्लिक करून तिथल्या तिथे पुन्हा शब्द टाकून गाळता येतं. माझ्या प्रबंधातले सगळ्यात उपयोगी लेख शोधपेटीने नाही, या वाटेने मिळाले.

५. पूर्ण लेख हातात कसा घ्यायचा

लेख कुलुपात दिसला तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने चढा.

पहिली: नोंदीजवळ 'फुल टेक्स्ट' किंवा 'फाइंड इट' छापाचं ग्रंथालयाचं बटण आहे का पाहा. ते दाबलं की आपल्या ग्रंथालयाकडे तो लेख कोणकोणत्या संचात आहे हे कळतं. इथे वर्षं नीट वाचा. काही संचांत प्रकाशकाने नव्या अंकांवर वर्षभराची बंदी घातलेली असते, म्हणून जर्नलचं नाव दिसतं पण ताजा अंक उघडत नाही. दुसरा संच दिला असेल तर तो उघडून पाहा.

दुसरी: बटण चुकतंही. ग्रंथालयाच्या जर्नल यादीत जर्नलचं नाव टाका, लेखाचं नको. मग खंड, अंक, पान असं उतरत जा.

तिसरी: डीओआय. हा लेखाचा कायमचा क्रमांक, नेहमी १० ने सुरू होतो. ब्राउझरमध्ये डीओआय डॉट ओआरजी लिहून तिरकी रेघ आणि पुढे हा क्रमांक टाकला की लेखाच्या अधिकृत पानावर पोहोचता. तिथून संस्थेमार्फत लॉगिन करा.

चौथी: कायदेशीर मोफत प्रत. अनपेवॉल नावाची ब्राउझरला जोडायची छोटी सोय आहे. लेखाची खुली प्रत कुठे असेल तर कडेला हिरवं कुलूप दिसतं. कोर (CORE) हे खुल्या लेखांचं शोधस्थळ आणि विद्यापीठांची स्वतःची भांडारं हीही पाहा. प्रबंध हवे असतील तर ओएटीडी (जगभरच्या खुल्या प्रबंधांसाठी) आणि शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांसाठी). मोफत प्रत बरेचदा लेखकाची स्वीकृत, पण जर्नलच्या छापील मांडणीत न बसवलेली प्रत असते. मजकूर तोच असला तरी पानांचे आकडे छापील लेखाशी जुळत नाहीत. अवतरण देताना पान क्रमांक छापील प्रतीवरूनच घ्या.

पाचवी: आंतरग्रंथालयीन देवघेव. आपल्या ग्रंथालयात नाही ते दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात. अर्जात डीओआय, वर्ष, खंड, पानं पूर्ण भरा; अर्धवट माहितीचे अर्ज मागे पडतात.

सहावी: लेखकालाच ईमेल. दोन-तीन ओळी पुरतात: मी कोण, कशावर काम करतो, कोणता लेख हवा. मला बहुतेक वेळा उत्तर आलं आहे, एकदा तर सोबत मूळ आकडेवारीही आली.

या सहा पायऱ्या झाल्याशिवाय पैसे भरू नका.

ई-पुस्तकांची तऱ्हा थोडी वेगळी. काही पुस्तकं एका वेळी एकाच वाचकाला उघडतात, काहींत ठरावीक पानंच उतरवून घेता येतात. 'वापरात आहे' असं दिसलं तर काही वेळाने पुन्हा पाहा, आणि आपलं वाचन झालं की नुसतं टॅब बंद न करता पुस्तक परत केल्याचं बटण दाबा. पलीकडे कुणीतरी वाट पाहत असतं.

६. मिळालेलं सांभाळा

पत्त्याच्या पट्टीतली लिंक कॉपी करू नका. ती त्या बैठकीपुरती असते, उद्या उघडत नाही. 'परमालिंक' (कायमची लिंक) किंवा डीओआय घ्या.

झोटेरो फुकट आहे. ब्राउझरमधल्या एका क्लिकने नोंद आणि पीडीएफ दोन्ही येतात. त्याच्या सर्व्हरवर फायलींसाठी ३०० एमबी मोफत मिळतात. पीडीएफ पुष्कळ असतील तर त्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा आणि आणखी एक प्रत दुसरीकडे. नोंद आल्या आल्या तपासायची सवय लावा: लेखकांची नावं उलटसुलट, वर्ष गायब, शीर्षक सगळं कॅपिटल अक्षरांत, या चुका नेहमीच्या आहेत. प्रबंध सादर करायच्या आदल्या आठवड्यात तीनशे नोंदी दुरुस्त करत बसणं फार जिवावर येतं.

७. वापरण्याआधी तपासा

ग्रंथालयातून मिळाला म्हणून लेख खरा ठरत नाही. छापून आलेले लेख मागेही घेतले जातात. लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा 'द लॅन्सेट'मधला लेख १९९८ साली छापला गेला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. मधली १२ वर्षं त्याचे दाखले दिले जात होते. लेखाचं अधिकृत पान उघडून वर तशी सूचना आहे का पाहा. जुनी उतरवलेली पीडीएफ हे सांगत नाही. झोटेरो हे रिट्रॅक्शन वॉच या, मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या उपक्रमाच्या यादीशी ताडून तसा इशारा देतं, तो दुर्लक्षू नका.

चॅटबॉटने सुचवलेला प्रत्येक संदर्भ डीओआय टाकून उघडून पाहा. नावं, जर्नल, वर्ष सगळं पटण्यासारखं असतं आणि तसा लेखच अस्तित्वात नसतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. ग्रंथालयाच्या वर्गणीतल्या पीडीएफ अशा साधनांवर चढवण्याआधीही विचारा. अनेक परवान्यांत ते चालत नाही.

८. एक गोष्ट अजिबात करू नका

एखाद्या जर्नलचे सगळे अंक एका दमात उतरवू नका, आपोआप उतरवणारी साधनं तर लावूच नका. प्रकाशकाची यंत्रणा हे ओळखते आणि शिक्षा एकट्याला होत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून प्रचंड प्रमाणात लेख उतरवले जाऊ लागले, तेव्हा जेस्टोअरने त्या अख्ख्या संस्थेचा प्रवेश काही दिवस बंद ठेवला होता. मोठ्या मजकूरसंचाचं विश्लेषण हाच तुमचा विषय असेल तर ग्रंथपालांना सांगा. त्यासाठी वेगळा परवाना किंवा वेगळी सोय असू शकते. आपलं लॉगिन मित्राला देणंही याच खात्यात येतं.

९. ग्रंथपालांकडे जाताना

अर्धा तास स्वतः शोधून हाती काही लागलं नाही की जा. जाताना तीन रकान्यांचा तो कागद आणि नोंदवही घेऊन जा, म्हणजे तुम्ही काय काय करून पाहिलं ते त्यांना लगेच दिसतं. एखादा डेटाबेस ग्रंथालयात नसेल तर चाचणी प्रवेश मागवता येतो का, हेही विचारा. पुष्कळ प्रकाशक तो काही आठवड्यांसाठी देतात, आणि वर्गणी घ्यायची की नाही हे ठरवताना अशा मागण्यांची नोंद उपयोगी पडते.

आणि पदवीच्या शेवटच्या महिन्यात एक दिवस यासाठी राखून ठेवा. विद्यापीठाचा ईमेल बंद झाला की त्यावर घेतलेल्या शोध-सूचना (नवा लेख आला की येणारे ईमेल), डेटाबेसमधली खाती, साठवलेली शोधसूत्रं सगळं जातं. त्याआधी झोटेरो आणि ऑर्किडला वैयक्तिक ईमेल जोडा, शोधसूत्रं नोंदवहीत उतरवून घ्या, सूचना नव्या पत्त्यावर वळवा आणि माजी विद्यार्थ्यांना कोणते डेटाबेस चालू राहतात त्याची यादी ग्रंथालयातून मागून घ्या.